कारणं सगळी होती, तरी नागपूर उठलं नाही

मागच्या आठवड्यात महालातल्या अभ्यासिकेत एका विद्यार्थिनीनं वहीचं पान फाडून माझ्यासमोर ठेवलं. त्यावर लिहिलं होतं: "सर, इंग्रजांविरुद्धच्या उठावांची कारणं सगळ्या पुस्तकांत तीच आहेत. राजकीय, आर्थिक, सामाजिक, धार्मिक, लष्करी. पाठ झाली. मग १८५७ मध्ये नागपूर का उठलं नाही? इथं तर राज्यच खालसा झालं होतं. आणि चांदा काहून उठला? २५० शब्दांत लिहायचं तर काय लिहू?"

(चांदा म्हणजे आजचं चंद्रपूर.) तिला तिथं उभ्याउभ्या जे सांगितलं ते अर्धवट होतं. शिवाय बाजूच्या टेबलावरची पोरं "श्श्" करायला लागली. म्हणून आता सावकाश लिहितो. चौतीस वर्षं कॉलेजात इतिहास शिकवला आणि त्यातली निदान वीस वर्षं मीही हीच पाच कारणं फळ्यावर उतरवून दिली, हे आधी कबूल करून टाकतो. ती खोटी नाहीत. पण सावजीचे सगळे मसाले ओट्यावर काढून ठेवले म्हणजे रस्सा झाला, असं होत नाही ना बाप्पा.

आधी नागपूरचं बघू, कारण तुझ्या प्रश्नाची खरी गंमत तिथंच आहे.

तिसरे रघुजी भोसले ११ डिसेंबर १८५३ ला वारले. औरस मुलगा नव्हता. दत्तकाचा विषय निघाला, पण गव्हर्नर जनरल डलहौसीनं तो मान्य केला नाही आणि १८५४ मध्ये राज्य खालसा झालं. इथल्या कापसावर त्याची नजर होती, हे त्याच्या स्वतःच्या टिपणातच आहे. मँचेस्टरच्या गिरण्यांना कच्चा माल हवा होता आणि तो पिकत होता आपल्याकडच्या काळ्या मातीत. त्यानंतर जे झालं ते नागपूरकरांनी डोळ्यांनी पाहिलं. वाड्यातली खासगी मालमत्ता सरकारजमा झाली. हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीला लिलावात निघाले, जडजवाहीर विकायला कलकत्त्याला गेलं. राजाचा हत्ती बाजारात बोलीवर उभा राहतो, याचा अर्थ त्या काळच्या माणसाला वेगळा समजावून सांगावा लागत नसे. भोसल्यांची फौज मोडली. दरबारावर जगणारे कारागीर, वाजंत्री, शागीर्द, मानकरी यांचं उत्पन्न तुटलं.

म्हणजे बघ. राजकीय कारण आहे, आर्थिक आहे, लष्करी आहे. अपमान तर भरभरून आहे. झाशी आणि नागपूर एकाच वर्षी, एकाच धोरणाखाली गेले. झाशीचं काय झालं ते साऱ्या देशाला माहीत आहे.

नागपुरात काय झालं? टाकळीला, म्हणजे आज पोलीस लाईन टाकळी म्हणतात त्या बाजूला, इंग्रजांच्या नव्या अनियमित घोडदळाची छावणी होती. त्यातल्या काहींनी शहरातल्या काही मंडळींशी संधान बांधलं. १३ जून १८५७ ची रात्र ठरली. शहरातून आकाशात आगीचे फुगे सोडायचे आणि ती खूण दिसली की छावणीनं उठायचं. घोडदळाचा माणूस पायदळाला फितवायला गेला तर पायदळानं त्यालाच धरलं. बातमी फुटली. कमिशनर प्लाउडननं कामठीच्या छावणीतून मद्रासी पलटणी आणवल्या, घोडदळाची हत्यारं काढून घेतली आणि म्होरक्यांना फाशी झाली. फुगे आकाशात गेलेच नाहीत.

एवढंच. पुढच्या वर्षी तात्या टोपे नर्मदा ओलांडून मुलताईपर्यंत आले. मुलताई ते नागपूर अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे घोडदळाला काही फार नाही. पेशव्यांचा माणूस भोसल्यांच्या दारात येऊन ठेपला होता. तरी नागपूर उठलं नाही, आणि तात्यांना तिथून वळावं लागलं.

याचं आपल्याकडचं लोकप्रिय उत्तर तुला माहीतच असेल, कारण दरवर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ते रस्त्यावरून मिरवत जातं. काळी मारबत. इंग्रजांना सामील झालेल्या बाकाबाईचा तो पुतळा, असं सांगतात. "घेऊन जा गे मारबत" म्हणत शहराबाहेर नेऊन जाळतात. मी लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून ती पाहिली आहे. तेव्हा ही बाकाबाई कोण, असं विचारलं तर "फितूर होती" एवढंच उत्तर मिळालं होतं.

बाकाबाई म्हणजे दुसऱ्या रघुजींची विधवा. १८५७ मध्ये ती म्हातारी होती, वाड्यात तिचा शब्द चालायचा, आणि तिनं नातलगांना व मानकऱ्यांना गप्प बसवलं, हे खरं. इंग्रजांनीही तसं आवर्जून लिहून ठेवलं. दत्तक घेतलेल्या जानोजींना पुढं 'देऊरचे राजेबहादूर' म्हणून मान्यता मिळाली, त्यामागं ही निष्ठा होती. पण एका म्हातारीनं नको म्हटलं म्हणून अख्खं शहर थांबलं, हे मला शिकवताना कधीच पटलं नाही. लोकांना उठायचंच असतं तर ते वाड्याची परवानगी मागत बसले नसते. आणि सगळ्या पराभवाचं खापर एका बाईवर फोडून मोकळं व्हायची आपली सवय जुनी आहे, हेही लक्षात असू दे.

मग खरं काय? माझं मत सांगतो. १८५४ चा घाव बसला तो वाड्याला आणि वाड्याभोवतीच्या लोकांना. तो कळमेश्वरच्या, उमरेडच्या शेतकऱ्याच्या उंबऱ्यापर्यंत त्या तीन वर्षांत पोचलाच नव्हता. आणि शेतकऱ्याच्या लेखी इंग्रज नवा नव्हताच. सीताबर्डीची लढाई झाली नोव्हेंबर १८१७ मध्ये. आप्पासाहेब भोसले हरले, पुढं कैदेतून निसटून महादेवाच्या डोंगरात गोंड सरदारांच्या आश्रयाला गेले, आणि इकडं लहानग्या तिसऱ्या रघुजींच्या नावानं रेसिडेंट, म्हणजे दरबारातला कंपनीचा प्रतिनिधी, जेन्किन्सनं राज्य चालवलं. वसुली, कोर्ट, पोलीस, सगळं. म्हणजे खालसा व्हायच्या कितीतरी आधी इथल्या माणसानं इंग्रजी वसुलीची चव घेतली होती, मग मधे राजाची घेतली, मग परत इंग्रजी. पाटी बदलली, पण देणं तेच राहिलं.

अवधशी ताडून बघ. तिथं १८५६ मध्ये राज्य गेलं आणि पाठोपाठ नव्या जमाबंदीत तालुकदारांची, म्हणजे बड्या जमीनदारांची, गावंच्या गावं गेली. बंगालच्या फौजेतले शिपाई त्याच गावांतले. पलटणीतला पोरगा आणि घरी बसलेला बाप, दोघांचं एकाच वेळी बिनसलं. नागपुरात टाकळीचे घोडेस्वार बरेचसे उत्तरेकडून भरती झालेले, कामठीच्या पलटणी मद्रासकडच्या, शहर मराठी. एकाची आग दुसऱ्याला लागायला मधे काही वाळलेलं असावं लागतं, ते नव्हतं. जाळं नव्हतं म्हण. फुग्याची खूण हेच सांगते बघ: ज्यांच्यात रोजची ऊठबस आहे, त्यांना आकाशातली खूण लागत नाही. पायदळात आपली माणसं असती तर निरोप्या पकडला गेला नसता.

आता चांद्याकडं ये. तेच राज्य, खालसा व्हायचं तेच वर्ष, तोच कमिशनर. पण चांद्याच्या पूर्वेला जंगलातल्या गोंड जमीनदाऱ्या होत्या. भोसल्यांच्या काळात हे जमीनदार टाकोळी भरायचे, म्हणजे नाममात्र खंडणी. बाकी आपल्या मुलखात न्यायनिवाडा त्यांचा, शिपाई त्यांचे, जंगल त्यांचं. भोसल्यांना त्या जंगलात शिरून काही मिळणार नव्हतं, म्हणून त्यांनी तसंच चालू दिलं. इंग्रज आले ते मोजायला. कोणाचा हक्क कुठून आला, सनद दाखवा, पोलीस कोणाचे, वसुली किती. जे पिढ्यान्‌पिढ्या न विचारता चालत होतं, ते एकाएकी विचारून करायचं झालं.

मार्च १८५८ मध्ये मोलमपल्लीचे बाबुराव शेडमाके उठले. पंचविशीतला तरुण. गोंड, माडिया आणि रोहिले यांची फौज जमवून त्यांनी राजगड परगणा घेतला. नांदगाव-घोसरीला इंग्रजी तुकडीशी सामना झाला. अडपल्ली-घोटचे व्यंकटराव येऊन मिळाले. २९ एप्रिलला प्राणहितेकाठी चुंचगुंडीला तारखात्याचे दोन गोरे कर्मचारी मारले गेले. तारेचे खांब त्या जंगलात नेमके तेव्हाच शिरत होते. हा तपशील मी विद्यार्थ्यांना मुद्दाम सांगतो. परकं राज्य म्हणजे काय, ते माणसाला कलकत्त्यातल्या गव्हर्नर जनरलवरून कळत नाही, आपल्या झाडीत कोणी न विचारता खांब रोवला की कळतं.

बाबुरावांना धरून दिलं ते अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाईंच्या माणसांनी. २१ ऑक्टोबर १८५८ ला चांद्याच्या तुरुंगात फाशी झाली. तिथला पिंपळ आजही लोक दाखवतात. अहेरीच्या घराण्याला बक्षिसात गावं मिळाली. म्हणजे एकाच तऱ्हेच्या दोन जमीनदाऱ्या, एकाच तऱ्हेची गाऱ्हाणी, आणि एक उठली तर दुसरीनं तिला पकडून दिलं! पाच कारणांच्या यादीतून हे कसं समजावणार? नाही समजावता येत. तिथं शेजाऱ्याशेजाऱ्यांचा हिशेब आला, कोण जिंकेल याचा अंदाज आला. सप्टेंबर १८५८ पर्यंत दिल्ली पडून वर्ष झालं होतं. अहेरीला वारा कुठून वाहतोय ते दिसत होतं.

याच नागपूर प्रांताचा तेव्हा छत्तीसगडही भाग होता, हे आपण विसरतो. तिथं सोनाखानचे जमीनदार नारायणसिंह. १८५६ मध्ये दुष्काळ पडला. व्यापाऱ्याचं कोठार भरलेलं, रयत उपाशी. नारायणसिंहांनी कोठार फोडून धान्य लोकांना वाटलं. जुन्या रिवाजात ही चोरी नव्हती. दुष्काळात धन्यानं रयतेला जगवायचं, सावकारानं उधार द्यायचं, पुढच्या हंगामात वसूल करायचं, असा तो न लिहिलेला करार. इंग्रजी कायद्याच्या लेखी तो साधा दरोडा. त्यांना अटक झाली. पुढं ते तुरुंगातून निसटले, उठाव केला आणि १० डिसेंबर १८५७ ला रायपुरात फासावर गेले.

माझ्या सगळ्या उत्तराचा गाभा इथं आहे, म्हणून जरा थांबतो. माणसं गरीब आहेत म्हणून उठत नाहीत. गरिबी सवयीची असते. जे आपलं हक्काचं होतं ते कोणीतरी एका फटक्यात गुन्हा ठरवतं, तेव्हा माणूस उठायच्या जवळ येतो. आधी गवत आपलं होतं, आता गवत कापणं चोरी. मोहफुलं आपली, आता घरी दारू गाळली तर आबकारीचा शिपाई दारात. उपाशी शेजाऱ्याला धान्य वाटणं पुण्य, आता दरोडा. करात दोन आणे वाढले तर माणूस शिव्या देतो. त्याला चोर म्हटलं तर तो विळा उचलतो.

उलट बाजूनंही तपासून बघ. १८९६-९७ आणि १८९९-१९०० चे दुष्काळ. मध्य प्रांतात माणसं किड्यामुंगीसारखी मेली. नागपूरला तोवर रेल्वे येऊन तीस वर्षं झाली होती, म्हणजे धान्य आणायची सोय होती आणि बाहेर न्यायचीही होती. कारण म्हणावं तर याहून मोठं कारण कुठलं? तरी उठाव नाही. उपाशी माणूस आधी अन्न शोधतो, गाव सोडतो, सरकारी कामावर खडी फोडायला जातो. उठाव करायला अंगात रग लागते. म्हणूनच पुष्कळदा उठाव सगळ्यात वाईट वर्षी होत नाहीत, दिवस जरा बरे येऊन परत फिरले की होतात. पुणे-नगरकडचे १८७५ चे दंगे घे. अमेरिकेतल्या यादवीमुळं कापसाला सोन्याचा भाव आला, कुणब्यानं कर्ज काढून बैल घेतले, विहिरी खणल्या. यादवी संपली, भाव कोसळला, त्यात सरकारनं नव्या जमाबंदीत सारा वाढवून ठेवलेला. सुप्याला मे १८७५ मध्ये लोक सावकारांच्या दारात गेले आणि जाळले ते मुख्यतः कर्जरोखे. मारामारी त्या मानानं फार थोडी. त्यांना सावकार नको नव्हता, त्याच्याकडचा तो कागद नको होता.

जंगलाची गोष्ट मी जरा लांबवणार आहे, कारण विदर्भातल्या परीक्षार्थीला ती यायलाच हवी आणि बहुतेक वेळा येत नाही.

१८७८ च्या जंगल कायद्यानं जंगलं राखीव झाली. गावाचा निस्तार, म्हणजे जळण, गवत, चराई, कुंपणाच्या काट्या, नांगराचं लाकूड, हे सगळं आता परवान्यानं. दर जनावरामागं चराईचा पैसा. जनावर हद्दीत शिरलं तर कोंडवाडा. पण कायदा पुस्तकात असतो, गावात असतो नाकेदार, म्हणजे जंगलखात्याचा पहारेकरी. १९८५-८६ च्या सुमारास विद्यार्थ्यांना घेऊन मी चिमूरकडच्या एका गावात गेलो होतो. बेचाळीसचे साक्षीदार तेव्हा हयात होते. एका म्हाताऱ्याला आम्ही विचारलं, बाबा, इंग्रजांचा राग काहून होता? आम्हाला वाटलं गांधीजींचं नाव घेईल. तो नाकेदाराबद्दल बोलायला लागला. नाकेदार आला की कोंबडी द्यावी लागे, अंडी, तूप, त्याच्या घोड्याला चारा. बिगारीनं त्याचं सामान पुढच्या गावी पोचवायचं. म्हातारा उठून आत गेला आणि एक विळा घेऊन आला. मूठ झिजून बोटांच्या खाचा पडलेल्या. "हा जप्त केला होता," म्हणाला, "दोन रुपये दंड भरून बापानं सोडवला." बापाचा विळा. जंगलात गवत कापताना सापडला म्हणून. त्या माणसाला विसाव्या शतकाच्या शेवटाकडं इंग्रजी राज्याबद्दल जे आठवत होतं, ते हे होतं. गोरा माणूस त्यानं आयुष्यात दोनदाच पाहिला होता.

आता १९३० कडं ये, म्हणजे विळ्याचं महत्त्व कळेल. गांधीजींनी दांडीला मीठ उचललं. आपल्याकडं समुद्र कुठं? अकोल्याजवळ दहीहंड्याला खाऱ्या पाण्याच्या विहिरी होत्या, तिथं मिठाचा सत्याग्रह केला, पण त्यात किती लोक गुंतणार? मीठ हे आमच्या शेतकऱ्याचं रोजचं भांडण नव्हतंच. रोजचं भांडण गवताचं. लोकनायक बापूजी अणे मूळचे वणीचे, त्यांना हे बरोबर कळलं होतं. १० जुलै १९३० ला पुसदजवळच्या राखीव जंगलात त्यांनी गवत कापलं आणि अटक करून घेतली. त्यानंतर यवतमाळ, वर्धा, बैतूल, सिवनी असं लोण पसरलं. सिवनी जिल्ह्यात तुरियाला ९ ऑक्टोबरला पोलिसांनी गोळीबार केला. चौघं मेली, त्यातल्या तिघी आदिवासी बाया. बैतूलकडं तर पुढारपण गोंड आणि कोरकू लोकांनी आपल्याच हातात घेतलं आणि काँग्रेसच्या शहरी मंडळींना त्यांना आवरता आवरता नाकी नऊ आले.

इथं परीक्षार्थी एक चूक हमखास करतात. "गांधीजींच्या प्रेरणेनं आदिवासी जंगल सत्याग्रहात सामील झाले," असं लिहितात. राजेहो, आदिवासी पन्नास वर्षं जंगल कायदा मोडतच होते. रात्री, लपून, दंड भरत. काँग्रेसनं एवढंच केलं की तेच काम दिवसा, बँडबाजा लावून, हार घालून करायची सोय झाली. चोरी होती तिचा सत्याग्रह झाला. 'एवढंच' म्हणतो, पण ते थोडं नाही.

झेंडा सत्याग्रह मी थोडक्यात उरकतो. १ मे १९२३ पासून नागपुरात तिरंगा घेऊन सिव्हिल लाईन्सकडं जायचं आणि अटक करून घ्यायची असा क्रम सुरू झाला. जमनालाल बजाज तुरुंगात गेल्यावर वल्लभभाई पटेलांनी सूत्रं घेतली, देशभरातून स्वयंसेवक आले, दीड हजारावर लोक आत गेले आणि १८ ऑगस्टला मिरवणूक त्या रस्त्यानं गेलीच. कापडाच्या तुकड्याला कलेक्टरनं बंदी घातली नसती तर इतिहासात नोंद झाली नसती. सरकारं आपल्या हातानं कारणं तयार करतात, त्याचा हा नमुना म्हणून लिही. लोकउठाव म्हणून लिहू नकोस. तो शिस्तीचा, बाहेरून माणसं आणून चालवलेला लढा होता.

चिमूर मात्र लोकउठाव होता. १६ ऑगस्ट १९४२, नागपंचमी. मुंबईत ९ ऑगस्टला पुढारी पकडले गेले, म्हणजे वरून हुकूम देणारं कोणी उरलंच नव्हतं. तरी चिमूर उठलं, त्याच दिवशी वर्धा जिल्ह्यातलं आष्टी उठलं. आणि शेजारचे कितीतरी तालुके, त्याच जंगल कायद्याखालचे, त्याच नाकेदारांनी गांजलेले, बसून राहिले. म्हणजे परत तुझाच प्रश्न: इथं का, तिथं का नाही?

चिमुरात तुकडोजी महाराजांची भजनं चालू होती. खंजिरीवरची. ज्या गावात वर्तमानपत्र पोचत नाही तिथं भजनी मंडळ पोचतं. दर आठवड्याला एकत्र बसणारी, एकमेकांना नावानं ओळखणारी पन्नास-शंभर माणसं. १८५७ च्या टाकळीत जे नव्हतं ते हेच. इथं आगीच्या फुग्याची गरज नव्हती. आष्टीची गोष्ट वेगळी नाही. तेही तुकडोजींच्या भजनांचं गाव, आणि सेवाग्राम त्याच जिल्ह्यात असल्यामुळं खादीवाल्या कार्यकर्त्यांची गावोगाव पायपीट झालेली.

दुसरं, १९४२ मध्ये इंग्रज हरताना दिसत होता. फेब्रुवारीत सिंगापूर पडलं, मग ब्रह्मदेश. तिकडून पायी पळून आलेली माणसं देशभर पसरली आणि त्यांनी जे सांगितलं ते बातम्यांपेक्षा खरं वाटलं. जपान येतोय, सरकार पळणार, नोटा रद्दी होणार. शंभर वर्षं जो हलत नव्हता तो खांब हलताना दिसला की माणूस धक्का देऊन बघतो. १८५७ लाही मेरठ-दिल्लीच्या बातमीनं तेच केलं होतं. गाऱ्हाणी तर दहा वर्षांपूर्वीही होती. नवी होती ती 'आता जमेल' ही भावना, आणि ती कारणांच्या यादीत कधीच येत नाही, कारण ती पाच डब्यांपैकी कुठल्याच डब्यात बसत नाही.

मिरवणुकीवर गोळीबार झाला. बालाजी रायपूरकर हा सोळा वर्षांचा पोरगा गेला. त्यानंतर जमाव बेभान झाला. दंडाधिकारी डुंगाजी, नायब तहसीलदार सोनवणे आणि सर्कल इन्स्पेक्टर जरासंध मारले गेले. ही नावं वाच. तिघंही हिंदुस्थानी माणसं. हे उत्तरात गाळू नकोस, गाळलं तर ते अर्धं उत्तर. वसाहतीचं राज्य गावात ज्या हातांनी चालत होतं ते हात आपल्याच माणसांचे होते, आणि म्हणून उठावाचा पहिला वार बहुतेक वेळा आपल्याच माणसावर पडला. लोकांनी झाडं पाडून वाटा अडवल्या, फौजेला पोचायला तीन दिवस लागले. फौज आल्यावर चिमुरातल्या बायकांवर जे अत्याचार झाले त्यांच्या चौकशीसाठी प्राध्यापक भन्साळींनी ६३ दिवस उपोषण केलं. आष्टीतही त्याच दिवशी दोन्ही बाजूंची माणसं मेली. खटले चालले, पुष्कळांना फाशीच्या शिक्षा झाल्या आणि देशभर ओरड होऊन १९४५ मध्ये त्या बदलल्या गेल्या. नागपुरात मात्र शंकर महाले याला १९ जानेवारी १९४३ ला फाशी दिलीच. नवाबपुऱ्याकडचा पोरगा, जेमतेम अठरा-एकोणीस वर्षांचा. पंच्याऐंशी वर्षांपूर्वी गप्प बसलेलं शहर ते हेच.

आता तुझे २५० शब्द. पाच मथळे देऊ नकोस. पहिल्या वाक्यात नागपूर आणि चांदा शेजारी ठेव: एकाच आदेशानं खालसा झालेले दोन मुलूख, एक शांत, एक पेटलेला. मग सांग की चांद्यात रोजच्या वहिवाटीवर घाव बसला, नागपुरात दरबारावर बसला. तिथं सोनाखानचं धान्य येऊ दे, एका ओळीत १९३० चं गवत येऊ दे. मग सत्ता डगमगताना दिसणं, त्यासाठी मे १८५७ आणि १९४२. मग निरोप नेणारं जाळं, त्यासाठी टाकळीचे फुगे आणि चिमूरची भजनं. डलहौसीचं नाव एकदा पुरे. लक्ष्मीबाई अहेरीच्या, झाशीच्या नव्हेत, हे स्पष्ट लिही, नाहीतर तपासणारा घाईत असला तर लाल शाईनं खोडेल. माझ्या एका विद्यार्थ्याचे दोन गुण असेच गेले होते.

आणि शब्द उरलेच तर बाकाबाईवर एक वाक्य लिही. मारबतीतलं नको, वरचं.